सावरण्यासाठी स्वयंपाक: मानसिक आजारातून उभं राहणाऱ्यांसाठी सामुदायिक वर्ग कसा सुरू करावा, कसा चालवावा

मानसिक आजाराच्या लांबलेल्या काळात माणसाचा स्वयंपाक बहुतेक वेळा हळूहळू, कुणाच्या लक्षात न येता सुटतो. आधी चिरायचा कंटाळा येतो, मग काय करायचं हेच सुचेनासं होतं, आणि शेवटी भूक लागली तरी ओट्यापर्यंत पाय जात नाहीत. बाहेरून तो आळस दिसतो. आत मात्र सुरुवात करणं, क्रम लक्षात ठेवणं, दोन गोष्टींकडे एका वेळी पाहणं आणि वेळेवर थांबणं या चारही क्षमता आजाराने ओढून नेलेल्या असतात. स्वयंपाकाला नेमक्या याच चार गोष्टी लागतात. त्यामुळे त्या परत कमवायला स्वयंपाकासारखी जागा नाही. अर्ध्यापाऊण तासात काम पुरं होतं, त्याचं फळ ताटात दिसतं, आणि ते दुसऱ्याला वाढता येतं.

मराठीत ‘शुभार्थी’ आणि ‘शुभंकर’ हे दोन शब्द आता चांगले रुळले आहेत. आजारासह जगणारा तो शुभार्थी, आणि त्याची काळजी घेणारा तो शुभंकर. या लेखात मी तेच वापरते. ‘रुग्ण’ हा शब्द दवाखान्यात ठीक आहे, ओट्यापाशी नको. वर्गात येणारा माणूस स्वयंपाक करायला येतो, आणि दारातून आत आल्यापासून त्याला तसंच वागवलं गेलं पाहिजे. पुढच्या सगळ्या सूचना याच एका आग्रहातून आल्या आहेत.

वर्गाकडून काय अपेक्षा ठेवावी

स्वयंपाकाचा वर्ग औषधांची किंवा समुपदेशनाची जागा घेत नाही. हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा, कारण आशेच्या भरात कुणीतरी गोळ्या बंद करण्याची शक्यता असते. वर्ग उपचारांच्या शेजारी उभा राहतो. १९९३ मध्ये विल्यम अँथनी यांनी सावरण्याची जी व्याख्या मांडली तिचा गाभा असा होता की, आजाराच्या मर्यादा शिल्लक असल्या तरी समाधानाचं, आशेचं आणि इतरांना काही देणारं आयुष्य जगता येणं म्हणजे सावरणं. ‘इतरांना काही देणारं’ हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. वर्षानुवर्षं ज्याला सगळे फक्त देतच आले, त्याने दुसऱ्याच्या ताटात वाढणं ही साधी गोष्ट नाही.

कल्पना नवी नाही. न्यूयॉर्कमध्ये १९४८ साली सुरू झालेल्या ‘फाउंटन हाउस’मधून ‘क्लबहाउस’ नावाची पद्धत जगभर गेली. तिथे सदस्य आणि कर्मचारी रोजची कामं खांद्याला खांदा लावून करतात, आणि त्यात जेवण रांधणंही येतं. स्वयंपाकाच्या उपक्रमांचा मनावर होणारा परिणाम तपासणाऱ्या ११ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसांत मिसळणं, आत्मसन्मान आणि जगण्याची गुणवत्ता यांबाबत त्यात आशादायक चित्र दिसलं. पण अभ्यास लहान होते आणि प्रत्येकाची मोजण्याची रीत वेगळी होती. ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये ६७ नैराश्यग्रस्तांवर १२ आठवड्यांची एक चाचणी झाली. आहारतज्ज्ञाची मदत मिळालेल्या गटात सुमारे ३२ टक्के लोकांची लक्षणं जवळजवळ निघून गेली. ज्यांना फक्त गप्पांची सोबत मिळाली त्यांच्यात हे प्रमाण ८ टक्के होतं. ही चाचणी आहाराची होती, स्वयंपाक वर्गाची नव्हे. देणगीदारांपुढे बोलताना हा फरक गाळू नका.

माणसं जमवण्याआधी

सहा ते आठ शुभार्थी, दोन चालक आणि हाताशी एक स्वयंसेवक, एवढाच गट ठेवा. आठच्या वर गेलात की कुणीतरी भिंतीला टेकून नुसतं पाहत उभं राहतं, आणि त्या माणसाला परत ‘मी इथे जास्तीचा आहे’ असं वाटू लागतं. आठ ते दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, दोन तास, तोच वार आणि तीच वेळ. सकाळी लवकरची वेळ टाळा. रात्री घेतलेल्या औषधांची गुंगी अनेकांना सकाळी उशिरापर्यंत असते, आणि अकराच्या आधी ठेवलेल्या वर्गाला उपस्थिती कमी दिसली तर तो लोकांचा दोष नसतो.

चालकांपैकी एक स्वतः आजारातून सावरलेली व्यक्ती असावी. तेही नुसतं हजेरीपुरतं नाही, तर पदार्थ ठरवण्यापासून. इंग्लंडमध्ये २००९ पासून उभ्या राहिलेल्या ‘रिकव्हरी कॉलेज’ या शिक्षणकेंद्रांचा पायाच हा आहे. अनुभव घेतलेला माणूस आणि व्यवसायाने शिकलेला माणूस अभ्यासक्रम मिळून आखतात, मिळून शिकवतात. दुसरा चालक शक्य तर व्यवसायोपचारतज्ज्ञ (रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करणारा), परिचारिका किंवा समुपदेशक असावा. उत्तम आचारी असण्याची गरज दोघांपैकी कुणालाच नाही. फार सफाईने काम करणारा माणूस कधीकधी नवख्याला नकळत घाबरवतो.

सध्या खाण्याच्या आजाराशी झगडत असलेल्यांना त्यांच्या उपचार करणाऱ्यांशी बोलल्याशिवाय या वर्गात घेऊ नका. त्यांच्यासाठी अन्न हाच रणांगणाचा भाग असतो, आणि त्यांच्या वर्गाची आखणी वेगळी लागते. तीव्र भ्रम किंवा उन्मादाच्या अवस्थेत असलेल्याला ‘नाही’ म्हणू नका, ‘थोडं थांबून’ म्हणा आणि जागा राखून ठेवा.

जागेबद्दल थोडक्यात: हवा खेळती, वाहतं पाणी, टेकायला पुरेशा खुर्च्या, आणि एक दार असं की कुणालाही न विचारता बाहेर जाता येईल. चुली दोन पुरतात.

सुरुवातीचं बोलणं

प्रत्येकाशी वर्गाआधी वीस मिनिटं एकट्याने बोला. निदान विचारायची गरज नाही, ज्याला सांगायचं तो सांगेल. विचारायचं ते असं: कशाची ॲलर्जी आहे का, काय खात नाही, हात थरथरतात का, उभं राहिल्यावर गरगरतं का, गोंगाट किंवा एखादा वास सोसत नाही असं काही आहे का. मग सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: “तुम्हाला बरं वाटेनासं झालं तर ते आम्हाला कशावरून कळेल, आणि तेव्हा आम्ही काय केलेलं तुम्हाला आवडेल?” उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. कुणी म्हणतं, मी गप्प होते, तेव्हा मला भांडी घासायला द्या. कुणी म्हणतं, मला काही विचारू नका, पाणी द्या. तातडीला कुणाला फोन करायचा, हेही इथेच लिहून घ्या. आणि वर्गात बोललेलं बाहेर जाणार नाही, पण जिवाला धोका दिसला तर आम्ही मदत बोलावणार, हा एकच अपवाद आहे, हे दोन्ही एकाच वाक्यात सांगून टाका.

औषधं आणि ओटा

बाकी सगळं तुम्ही अनुभवाने शिकाल, पण हे माहीत नसताना वर्ग सुरू करू नका. सल्ला देण्यासाठी नव्हे, तर पदार्थ निवडताना चूक होऊ नये म्हणून. शंका आली की औषध देणाऱ्या डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला विचारायचं. गोळी कमी करा, वेळ बदला, हे आपल्या तोंडून कधीही निघता कामा नये.

लिथियम हे मनाच्या टोकाच्या चढउतारांवरचं औषध घेणाऱ्यांसाठी मीठ आणि पाणी यांचं प्रमाण रोज साधारण सारखं असणं महत्त्वाचं. मीठ एकदम तोडलं किंवा शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं, आणि ते वाढणं घातक ठरू शकतं. म्हणून उत्साहाच्या भरात ‘या आठवड्यापासून आपण सगळे बिनमिठाचं खाऊ’ अशी मोहीम काढू नका. जुलाब-उलट्या झालेल्या लिथियमच्या माणसाला वर्गात न बोलावता डॉक्टरांकडे पाठवा.

नैराश्यावरच्या जुन्या औषधांचा एक गट आहे, एमएओआय नावाचा. आज तो कमी लोकांना दिला जातो, पण ज्यांना दिला जातो त्यांच्यासाठी टायरामीन हा घटक धोक्याचा असतो, कारण त्याने रक्तदाब अचानक भडकतो. जुनं मुरवलेलं चीज, खारवून किंवा मुरवून टिकवलेलं मांस, आंबवलेल्या सोयाबीनचे पदार्थ यांत तो भरपूर असतो. शिळं होत चाललेल्या प्रथिनयुक्त अन्नातही तो वाढतो. गटात असा एक जरी माणूस असेल तर ते जिन्नस त्या तुकडीपुरते यादीतूनच काढा. त्याला एकट्याला वेगळं ताट देऊ नका.

ग्रेपफ्रूट हे फळ क्वेटियापिन, कार्बामाझेपिन अशा काही औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढवतं. ते वर्गात न आणणं सगळ्यात सोपं. दारू सोडण्यासाठी डायसल्फिराम घेणाऱ्यांच्या बाबतीत अल्कोहोल असलेले इसेन्ससुद्धा टाळावे लागतात, तेव्हा बाटलीवरचं लेबल वाचा. लुरासिडोन किमान ३५० कॅलरींच्या आणि झिप्रासिडोन सुमारे ५०० कॅलरींच्या जेवणासोबत घेतलं नाही तर नीट शोषलं जात नाही. म्हणजे ‘मी रात्री फक्त एक फळ खातो’ म्हणणाऱ्या माणसाला रोजचं एक सोपं, पोटभर जेवण करता येणं हा त्याच्या उपचाराचाच भाग ठरतो. ही गोष्ट मला पहिल्यांदा कळली तेव्हा आमच्या वर्गाकडे पाहण्याची माझी नजर बदलली.

ओलान्झापिन आणि क्लोझापिन यांनी भूक फार वाढते, वजनही वाढतं. हे त्या माणसाला तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं, तेव्हा त्याच्या ताटाकडे पाहून बोलू नका. भाज्या, डाळी, कडधान्यं जास्त असलेले पदार्थ सगळ्यांसाठीच निवडा, विषय न काढता काम होतं. क्लोझापिनमुळे होणारी बद्धकोष्ठता मात्र कधीकधी गंभीर वळण घेते. कुणी बोलता बोलता तसं म्हणालं तर नुसतं ‘पाणी प्या’ म्हणून सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायला सांगा.

शेवटचं उष्णतेचं. मनोविकारावरची अनेक औषधं घाम कमी करतात किंवा शरीराचं तापमान सांभाळण्यात अडथळा आणतात. तापलेल्या, कोंदट स्वयंपाकघरात अशा माणसाला आपल्याला जाणवण्याच्या खूप आधी त्रास होतो. खिडक्या उघड्या, प्यायचं पाणी हाताशी, आणि चुलीपाशी सलग दहा मिनिटांपेक्षा जास्त कुणी उभं राहायचं नाही. हात थरथरणाऱ्यांसाठी चिरायच्या पाटाखाली ओलं फडकं अंथरा म्हणजे तो सरकत नाही. जाड मुठीची सुरी द्या, आणि पातेली अर्धीच भरा.

पदार्थ कसा निवडावा

एका दिवशी एकच पदार्थ. पायऱ्या पाच ते सात, काम पन्नास मिनिटांत पुरं होणारं, आणि चुकीला माफ करणारं. सूप म्हणूनच आवडतं: कुणी पाच मिनिटं बाहेर जाऊन आलं तरी बिघडत नाही, चिरलेले तुकडे लहानमोठे झाले तरी चालतात, पाणी जास्त झालं तर थोडं आटवता येतं. तळण, पाक, फुगवायचे नाजूक प्रकार हे पुढच्या तुकडीसाठी ठेवा.

आठवड्यांची चढण हळू असू द्या. पहिल्या दिवशी आगच नको: सलाड, चिरणं, मिसळणं, चव बघणं. दुसऱ्या दिवशी फक्त उकळणं, भात किंवा अंडी. तिसऱ्या दिवशी परतणं आणि उकळणं मिळून सूप. चौथ्याला डाळ. पुढे एका भांड्यात होणारं पूर्ण जेवण. प्रत्येक दिवशी मागच्या दिवसातलं एक कसब परत आलं पाहिजे, कारण ‘हे मला येतं’ ही जाणीव दुसऱ्या खेपेला होते. आणि प्रत्येक पदार्थ एका चुलीवर, एका भांड्यात, एका माणसापुरता घरी करता येईल असाच हवा. वर्गात दहाजणांचं केलं आणि घरी एकट्यासाठी किती घ्यायचं तेच कळलं नाही, असं होऊ नये. म्हणून कृतीच्या कार्डावर एकासाठीचं प्रमाणही लिहा.

कार्ड कसं असावं, यावर वेळ घालवा. एका ओळीत एकच क्रिया. ‘कांदा परतत असताना टोमॅटो चिरून घ्या’ हे वाक्य निरोगी माणसाला सोपं वाटतं, पण एकाग्रता तुटलेल्या माणसाला त्यात तीन कामं दिसतात. त्याऐवजी ‘टोमॅटो चिरा. बाजूला ठेवा. कांदा कढईत घाला. ५ मिनिटं हलवा.’ असं लिहा. ‘चवीनुसार’ लिहू नका, ‘अर्धा चमचा’ लिहा. अक्षर मोठं, आणि झालेल्या ओळीवर खूण करायला शेजारी चौकोन.

प्रत्यक्ष दोन तास

पहिली पंधरा मिनिटं येण्याची. हात धुणं, ॲप्रन, पाणी, आणि आजचं कार्ड एकदा मोठ्याने वाचणं. उशिरा येणाऱ्याला कारण विचारू नका. अंथरुणातून उठून, कपडे घालून, प्रवास करून तो पोहोचला, एवढंच त्याचं दिवसभराचं सगळ्यात मोठं काम असू शकतं.

मग कामवाटप, आणि सगळ्यात नाजूक भाग हाच आहे. कामं तुम्ही वाटू नका. चिठ्ठ्यांवर लिहून फळ्यावर लावा आणि ज्याने त्याने उचलावी. चिठ्ठ्या तीन वजनांच्या ठेवा: जोर लागणारी, जसं मळणं किंवा कुटणं, लक्ष लागणारी, जसं मोजणं आणि चूल सांभाळणं, आणि शांत, जसं पालेभाजी निवडणं किंवा ताटं मांडणं. अस्वस्थ माणूस आपसूक जोराचं काम उचलतो, थकलेला शांत काम उचलतो. भिंतीकडे पाठ करून बसून करता येईल असं एक काम रोज हवंच. कधी कुणी काहीच उचलत नाही. तेव्हा “माझ्याजवळ बसता का, मला सांगा किती झालं ते” एवढंच म्हणा. बघणं हेही काम आहे.

कुणाच्या हातून सुरी काढून घेऊन ‘हे असं’ करून दाखवू नका. तुमच्या पाटावर, तुमच्या भाजीवर दाखवा. ‘चुकलं’ऐवजी ‘आता पुढे काय करू या?’ विचारा. जळलं तर जळलं, जे राहिलं त्याचं काय होऊ शकतं ते सगळे मिळून ठरवतात. घरात ज्यांना प्रत्येक चुकीसाठी सुस्कारा ऐकावा लागला आहे, त्यांना भांडं करपूनही कुणी चिडलं नाही, हे फार दिवस लक्षात राहतं.

गोलात बसून ‘आज कसं वाटतंय’ विचारण्याची पद्धत मी सोडून दिली. हात कामात गुंतलेले असताना, नजर पाटावर असताना माणसं आपणहून बोलतात. समोरासमोर बसवून प्रश्न विचारला की तो पुन्हा तपासणीचा कक्ष होतो. चवीबद्दल विचारा. ‘मीठ बरोबर आहे का?’ याचं उत्तर देताना माणूस स्वतःचं मत मांडतो, आणि ते ऐकून सगळ्यांच्या पातेल्यात बदल होतो.

शेवटची तीस मिनिटं एकत्र जेवणाची. वेळ कमी पडला तर दुसरं काहीही कापा, हे नाही. चालकही त्याच टेबलावर, तेच अन्न खातात. ज्याला लोकांसमोर खाणं जमत नाही त्याने डबा नेला तरी चालेल, पण ताट मांडलेलं असू द्या. नंतरचं आवरणं सगळ्यांनी मिळून.

सुरक्षितता, भीती न पसरवता

सुऱ्या मोजून काढायच्या, मोजून ठेवायच्या. हे काम स्वयंसेवकाने निमूटपणे करावं, जाहीर करून नको. मानसिक आजार म्हणजे सुरीचा धोका, हा समज गैर आहे. पण एखाद्याने स्वतःला इजा केल्याचा इतिहास सांगितला असेल तर त्याच्याशी आधीच बोलून त्याला नको असलेली साधनं त्याच्यापासून दूर ठेवता येतात. मिक्सर लावण्याआधी, कुकरची शिट्टी होण्याआधी सांगा. कानात आवाज ऐकू येणाऱ्या किंवा दचकणाऱ्या माणसाला तेवढी पूर्वसूचना पुरते.

भाजल्यास २० मिनिटं थंड वाहत्या पाण्याखाली धरा, बर्फ किंवा टूथपेस्ट काही नको. शिजवलेलं अन्न आतपर्यंत ७० अंश सेल्सिअसला पोहोचलं पाहिजे, आणि दोन तासांहून अधिक काळ बाहेर राहता कामा नये, कारण ५ ते ६० अंशांच्या मध्ये जिवाणू झपाट्याने वाढतात. घरी न्यायचा भात उथळ भांड्यात पसरून लवकर गार करा. त्यातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत.

आणि कुणी जगणं नकोसं झाल्याचं बोललं तर? थेट विचारा: “जीव द्यायचा विचार मनात येतो आहे का?” विचारल्याने तो विचार पेरला जात नाही. त्याला एकटं सोडू नका. एक चालक त्याच्याजवळ, दुसरा वर्गाजवळ, आणि लिहून ठेवलेल्या क्रमांकावर लगेच फोन. धोका तातडीचा वाटला तर आपत्कालीन सेवा बोलवा.

न येणारे, आणि घरची माणसं

चौथ्या-पाचव्या आठवड्यात कुणीतरी गळतं. त्याच दिवशी संध्याकाळी निरोप पाठवा, आणि त्यात जाब नको. ‘आज डाळ केली. तुमचं कार्ड ठेवलं आहे. पुढच्या वेळी भात आहे.’ तीन वाक्यं, प्रश्न एकही नाही. दोन आठवडे उत्तर आलं नाही तर फोन करा.

शुभंकरांना एकदा बोलावून एकच विनंती करा: आठवड्यातलं एक जेवण पूर्णपणे यांच्यावर सोपवा आणि तेवढा वेळ स्वयंपाकघरात जाऊ नका. मागे उभं राहून ‘गॅस बारीक कर’ म्हणणं काळजीपोटीच असतं, पण त्याने हात थिजतात.

फरक पडतो आहे का हे पाहायला वॉरिक-एडिनबरा मानसिक स्वास्थ्य प्रश्नावलीची सात प्रश्नांची छोटी आवृत्ती चालते, सुरुवातीला आणि शेवटी. मला मात्र एक साधा प्रश्न जास्त उपयोगी वाटतो, आणि तो दर आठवड्याला कार्ड देताना विचारता येतो: “मागच्या आठवड्यात घरी काय केलंत?” पहिल्या महिन्यात बहुतेक उत्तरं ‘काही नाही’ अशी असतात. ती तशीच लिहून घ्या.

शेवटच्या दिवशीचा पदार्थ गटाने आधीच्या आठवड्यात ठरवायचा, आणि कार्ड त्यांच्यापैकी एकाने लिहायचं. चालकांनी त्या दिवशी चिठ्ठ्या उचलायच्या, सांगितलं ते चिरायचं. निघताना प्रत्येकाला सगळ्या आठवड्यांची कार्डं एका दोऱ्यात ओवून द्या. त्यांच्या सगळ्यात वर एक कोरं कार्ड ठेवा, आणि त्यावर फक्त पुढच्या भेटीचा दिवस व वेळ लिहा.